मूल दत्तक घेण्याआधीचा अभ्यास: ग्रंथालयात काय शोधायचं, इंटरनेटवर काय तपासायचं

दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवल्यापासून मूल घरी येईपर्यंत तीन वर्षं सहज जातात. तान्ह्या, निरोगी बाळाची अपेक्षा असेल तर त्याहूनही जास्त. मग एके दिवशी मोबाइलवर संदेश येतो. पोर्टल उघडलं की एका बाळाचा फोटो आणि त्याचे दोन अहवाल समोर असतात, आणि त्या घडीपासून ४८ तासांत हो की नाही ते कळवायचं असतं.

आमच्या घरी तो संदेश गुरुवारी संध्याकाळी आला. अहवालात वैद्यकीय शब्द बरेच होते, पण त्यातले बहुतेक आम्ही आधी वाचलेले होते, वहीत उतरवलेले होते. त्या वहीमुळे त्या रात्री आम्ही घाबरलो नाही. बाळाकडे बघू शकलो. म्हणून नव्याने विचार करणाऱ्या प्रत्येक जोडप्याला आणि एकट्या पालकाला मी हेच सांगते, की अभ्यास वाट पाहण्याच्या काळात करा. ४८ तासांत फक्त आठवता येतं, शिकता येत नाही. तो अभ्यास कुठे आणि कोणत्या क्रमाने करायचा, ते इथे लिहिते आहे.

आधी वही, मग शोध

इंटरनेट उघडण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिहा. आमचे पहिले प्रश्न अगदी साधे होते. आमच्या वयाला किती वर्षांचं मूल मिळू शकतं? सासूबाई आमच्यासोबत राहतात, त्याचा काही संबंध येतो का? घर भाड्याचं आहे, चालेल का? मुलाला कधी सांगायचं?

प्रश्नाखाली तीन रकाने आखा: उत्तर काय मिळालं, कुठे वाचलं, आणि तो मजकूर कोणत्या वर्षाचा आहे. तिसरा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. दत्तकविषयक नियम गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदलले. २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ मध्ये लागू झाला, २०१७ मध्ये विनियम, म्हणजे कायद्याखालचे तपशीलवार नियम, आले, २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नवे विनियम आले. जुन्या पुस्तिका, जुने लेख, जुने व्हिडिओ अजून फिरत असतात आणि ते खोटे नसतात, फक्त कालबाह्य असतात. आम्हाला एका परिचिताने मोठ्या आपुलकीने दिलेली पुस्तिका २०१७ च्या नियमांवरची होती. ती वाचून आम्ही कोर्टाच्या कामासाठी वकील शोधत बसलो, दोन महिने गेले.

कोणत्या रस्त्याने जायचं ते आधी ठरवा

भारतात दत्तकाचे दोन मुख्य कायदे आहेत. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी, वाचायचं साहित्यही वेगळं.

पहिला हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू आहे. दीर-जावेचं किंवा बहिणीचं मूल मांडीवर घेणं, दत्तकपत्र नोंदवणं हे सारं याखाली येतं. यात मूल देणारे सहसा जन्मदाते आई-वडीलच असतात. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं असावं लागतं. मुलगा घ्यायचा तर घरात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा आणि मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. आई मुलगा घेत असेल किंवा वडील मुलगी घेत असतील तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं.

दुसरा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. अनाथ, सोडून दिलेली किंवा पालकांनी संस्थेच्या स्वाधीन केलेली मुलं या कायद्याने दत्तक जातात. याला धर्माची अट नाही. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबंही या रस्त्याने कायदेशीर आई-वडील होऊ शकतात. २०१४ च्या शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. नात्यातलं मूल आणि जोडीदाराचं आधीच्या लग्नातलं मूल यांचीही तरतूद या व्यवस्थेत आहे. पुढचं बहुतेक मी या दुसऱ्या रस्त्याबद्दलच लिहिते आहे.

महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते. बालसंगोपन योजना, म्हणजे गरजू मुलाच्या सांभाळासाठी मिळणारी सरकारी मदत, हे दत्तक नव्हे. प्रतिपालकत्व, म्हणजे एखादं मूल काही काळ सांभाळणं, हेही दत्तक नव्हे. त्यात मूल कायद्याने तुमचं होत नाही. शोधताना ही तिन्ही नावं एकत्र येतात, तेव्हा वहीत त्यांना वेगवेगळी पानं द्या.

आणि एक तिसरा रस्ताही कोणीतरी दाखवतंच. आमच्याकडे तो एका नातेवाईक बाईंनी दाखवला: "अगं, एका दवाखान्यात ओळख आहे. बाळ जन्मलं की थेट तुमच्या हातात. कशाला थांबता तीन वर्षं? स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ." त्यांचा हेतू चांगला होता. पण हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियमाचं कलम ८० आणि कलम ८१ त्याच दिवशी वाचून घ्या. अनाथ, सोडलेलं किंवा स्वाधीन केलेलं मूल प्रक्रिया डावलून देणं किंवा घेणं यासाठी कलम ८० मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. मुलाची खरेदी-विक्री झाली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि रुग्णालयातल्या माणसाने ती केली तर तीन ते सात वर्षं. शिक्षेपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची धास्ती वाटली. असं आलेलं मूल उद्या कायद्याने आपलं नाही असं ठरलं, तर त्या लेकराचं काय? त्याच्या जन्मदात्रीने खरंच राजीखुशीने दिलं होतं की तिच्यावर कोणी दडपण आणलं होतं, हे तरी कोण सांगणार?

मूळ कागद: हेच सर्वांत आधी वाचा

कायद्याचा मजकूर अवघड असतो असं मानून बरेच जण थेट व्हिडिओकडे वळतात. माझा अनुभव उलटा आहे. बाल न्याय अधिनियमातलं दत्तकाचं प्रकरण कलम ५६ ते ७३ एवढंच आहे. दोन रविवार पुरतात.

तो इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर शोधा. तिथे कायदे दुरुस्त्यांसह मिळतात. २०२१ ची दुरुस्ती आत आली आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कलम ६१. दत्तकाचा आदेश कोण देतं? 'न्यायालय' असं दिसलं तर प्रत जुनी, 'जिल्हा दंडाधिकारी' (म्हणजेच जिल्हाधिकारी) असं दिसलं तर नवी. १ सप्टेंबर २०२२ पासून हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आधीपासून कोर्टात असलेली प्रकरणं तिथेच चालवावीत, असा अंतरिम आदेश दिला होता. त्यामुळे त्या काळातल्या पालकांच्या अनुभवांत कोर्टही दिसेल आणि जिल्हाधिकारी कार्यालयही. दोघंही खरंच सांगत असतात.

त्यानंतर दत्तक विनियम, २०२२. ते केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावर आणि राजपत्राच्या ई-गॅझेट स्थळावर मिळतात. राजपत्राची पीडीएफ उघडली की आधी हिंदी पानं दिसतात आणि अनेक जण तिथेच थांबतात. इंग्रजी मजकूर मागच्या अर्ध्या भागात असतो. ज्या वाक्याचा अर्थ एका भाषेत लागत नाही, तो दुसऱ्या भाषेत लागतो. मी तरी दोन्ही समोर ठेवून वाचलं.

विनियम ५ पाठ होईपर्यंत वाचा, पात्रता त्यात आहे. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं स्थिर असावं, दोघांची संमती असावी. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही चालतात. मूल आणि प्रत्येक पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. घरात आधीच दोन किंवा अधिक मुलं असतील तर विशेष गरजा असलेली किंवा सहज घर न मिळणारी मुलंच मिळू शकतात. २०१७ च्या नियमांत हा आकडा तीन होता, म्हणजे कागद जुना की नवा हे यावरूनही कळतं.

वयाचं गणित असं: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत आणि एकट्या पालकाचं वय ४० पर्यंत. दोन ते चार वर्षांसाठी ९० आणि ४५, चार ते आठसाठी १०० आणि ५०, आठ ते अठरासाठी ११० आणि ५५. नवरा ४४ आणि बायको ४२ असेल तर बेरीज ८६ होते. एका वर्षाने तान्हं बाळ गेलं, पण अडीच वर्षांचं मूल येऊ शकतं. हा हिशेब नोंदणीआधी मांडला की मन तयार व्हायला वेळ मिळतो. मी कितीतरी जोडपी पाहिली, जी 'बाळच हवं' म्हणून वाचायला बसली आणि चार वर्षांच्या मुलांबद्दल वाचता वाचता आपणहून पुढे सरकली.

विनियमांच्या मागची परिशिष्टं कोणी वाचत नाही. ती नक्की वाचा. अर्जाचा नमुना, लागणारी कागदपत्रं, ठरलेलं शुल्क, गृह अभ्यास अहवालाचा नमुना, मुलाच्या वैद्यकीय तपासणीचा नमुना, सगळं तिथे छापलेलं आहे. समाजसेविका घरी येऊन काय विचारणार याची धडकी भरलेली असते; तो नमुना वाचला की कळतं, की त्यांना तुमचं नातं, उत्पन्न, आरोग्य, घरातल्या बाकीच्यांचं मत आणि मुलाला सांभाळायची तयारी जाणून घ्यायची आहे. घर भाड्याचं आहे की मालकीचं, यावर काही अडत नाही, हे मला तिथेच समजलं. घरात पाच वर्षांहून मोठं मूल असेल तर त्याची संमतीही लागते. शुल्क परिशिष्टात आहे तेवढंच द्यायचं आणि पावती घ्यायची. त्यापलीकडे देणगी कोणी मागितली तर तो प्रश्न तुमच्या वहीतून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या बाल संरक्षणाच्या सरकारी कार्यालयाकडे, गेला पाहिजे.

पोर्टल आणि आकडे

देशातली नोंदणी 'कारिंग्ज' या काराच्या पोर्टलवरच होते आणि ती थेट पालकच करतात. मध्यस्थ लागत नाही. शोधयंत्रात वर दिसणारी, 'लगेच बाळ मिळेल' म्हणणारी स्थळं सोडून द्या. काराच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, ते पाहूनच पुढे जा. ज्या संस्थेचं नाव कानावर येईल ती काराच्या यादीत विशेष दत्तक संस्था म्हणून आहे का, हे जिल्हानिहाय यादीत तपासा.

नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं चढवायची असतात. म्हणजे वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, ओळखीच्या दोघांची पत्रं हे आधीच हाताशी हवं. आमच्या लग्नाचा दाखला काढलेलाच नव्हता, तो नगरपालिकेतून मिळवायला वेळ गेला. गृह अभ्यास अहवाल तीन वर्षं चालतो. पोर्टलवर नेहमीच्या यादीशिवाय विशेष गरजा असलेल्या मुलांची आणि 'तत्काळ' गटातल्या मुलांची वेगळी सोय असते, तिथे ज्येष्ठतेची रांग नसते. या गटांत कोणत्या प्रकारची मुलं असतात ते अभ्यासाच्या काळातच समजून घ्या. नावावरून घाबरून ते पान बंद करू नका. त्यात शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होणारी दुखणी असलेली मुलंही असतात, थोडी मोठी झालेली मुलंही असतात.

काराच्या स्थळावर वर्षवार तक्तेही आहेत. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यांपैकी ४,१५५ देशातच. राज्यांमध्ये महाराष्ट्र अनेक वर्षं पुढे राहिला आहे. बातमीत आकडा दिसला की या तक्त्याशी ताडून बघायची सवय लावा. कारण 'देशात लाखो अनाथ मुलं, मग तीन वर्षं रांग कशाला?' हा संताप प्रत्येक जण बोलून दाखवतो, आणि त्याचं उत्तर आकड्यांआडच्या व्याख्येत आहे. अनाथ असणं आणि दत्तकासाठी कायद्याने मुक्त असणं वेगळं. सापडलेल्या मुलाच्या पालकांचा आधी शोध घ्यावा लागतो. बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीने, मूल मुक्त घोषित करण्याची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने आहे. एखाद्या आईने मूल स्वाधीन केलं तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. संस्थेत राहणाऱ्या अनेक मुलांना आई किंवा वडील असतात, ते भेटायलाही येतात. ही मुलं दत्तक देताच येत नाहीत. मला हे समजल्यावर रांगेचा राग ओसरला. त्या दोन महिन्यांत कुठलीतरी आई परत येऊन आपलं बाळ घेऊन जात असेल, तर मी थांबायलाच हवं.

ग्रंथालयात

गावातल्या वाचनालयापासून सुरुवात करा. ग्रंथपालांना कारण सांगायची गरज नाही. 'दत्तक विषयावरचा वर्गांक बघायचा आहे' एवढं पुरतं. दशांश वर्गीकरणात दत्तकाचा समाजकार्याच्या अंगाने विचार करणारी पुस्तकं ३६२.७३४ या क्रमांकाखाली येतात. कौटुंबिक कायद्याची ३४६ मध्ये, मुलांच्या मानसशास्त्राची १५५.४ मध्ये, पालकत्वाची ६४९ मध्ये. एकाच विषयाची पुस्तकं चार कपाटांत विखुरलेली असतात. छोट्या वाचनालयात कधी कधी सगळी मराठी पुस्तकं नुसती कथा, कादंबरी, चरित्र अशी लावलेली असतात. मग चरित्र-आत्मकथन विभागात शोधा. मराठीत दत्तक पालकांनी लिहिलेलं बरंच तिथे सापडतं. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे आणि रविवारच्या पुरवण्यांची बांधीव फाइल मागायला विसरू नका.

मोठ्या शहराजवळ असाल तर समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांची ग्रंथालयं सोन्यासारखी आहेत. मुंबईत देवनारला टाटा समाज विज्ञान संस्थेचं सर दोराबजी टाटा स्मृती ग्रंथालय आणि निर्मला निकेतन महाविद्यालय, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. टाटा संस्थेचं 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' १९४० पासून निघतं. बाहेरच्या वाचकाला सहसा घरी पुस्तक नेता येत नाही, पण आधी फोन करून, ओळखपत्र घेऊन गेलं तर एक दिवस बसून वाचण्याची परवानगी बहुधा मिळते. मी पुण्याच्या एका ग्रंथालयात अशी दोनदा बसले. घरून निघताना काय वाचायचं ते लिहून नेलं होतं, म्हणून दिवस वाया गेला नाही. पणजीजवळ असाल तर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे.

घरबसल्या सर्वांत उपयोगी ठरलं ते 'शोधगंगा'. देशभरातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे विनामूल्य वाचता येतात. दत्तक कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेले प्रबंध शोधा, त्यातही महाराष्ट्रातले आधी. प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नका. आधी निष्कर्षाचं प्रकरण, मग मुलाखतींचं, आणि शेवटी संदर्भसूची. संदर्भसूचीतून पुढच्या दहा पुस्तकांची नावं मिळतात. किती कुटुंबांशी बोलून निष्कर्ष काढला आहे ते तिसऱ्या रकान्याशेजारी लिहून ठेवा. तीस कुटुंबांवरचा अभ्यास तुमचे डोळे उघडू शकतो, पण 'दत्तक मुलं अशीच असतात' असं तो सांगू शकत नाही.

शोधशब्दांबद्दल थोडं. नुसतं 'दत्तक' टाकलं की दत्तक गाव, दत्तक शाळा, झाड दत्तक योजना आणि संस्थानांचे वारस अशी सरमिसळ येते. 'मूल दत्तक', 'दत्तक पालक', 'दत्तक प्रक्रिया', 'दत्तकग्रहण', 'दत्तक विधान', 'दत्तकपत्र' हे शब्द आलटून पालटून वापरा, आणि इंग्रजीतला 'अ‍ॅडॉप्शन' हा शब्द 'इंडिया'ला जोडूनच टाका, नाहीतर अमेरिकेतली माहिती पुढ्यात येते. तिथली खुल्या दत्तकाची पद्धत, जन्मदात्या आईशी संपर्क ठेवणं, हे आपल्या व्यवस्थेत तसं नाही. तिथली मानसशास्त्राची पुस्तकं जरूर वाचा, प्रक्रियेची नको.

संस्थानांच्या वारसांचा तो इतिहास मात्र अगदीच बाजूला सारू नका, एखादी संध्याकाळ त्याला द्या. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झालं. कवळाण्याचा एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरला जाऊन शाहू महाराज झाला. आपल्या घरातल्या ज्येष्ठांच्या मनात दत्तक म्हणजे गादी, गोत्र, पिंडदान हेच का असतं, ते यातून कळतं. आणि त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला, तोही पुढे डॉक्टर झाला. माझ्या सासऱ्यांशी बोलताना कायद्याच्या कलमांपेक्षा यशवंतची गोष्ट जास्त उपयोगी पडली.

न्यायनिवाडे वाचायचे असतील तर 'इंडियन कानून' या विनामूल्य स्थळावर मिळतात. सगळे वाचायची गरज नाही. १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे खटला तेवढा चाळा. परदेशी दत्तकातली बेबंदशाही थांबवणारी चौकट तिथून सुरू झाली.

वैद्यकीय अहवाल समजून घेण्याची तयारी

ज्या दिवशी मुलाचं नाव पुढे येईल त्या दिवशी दोन कागद हातात येतील: बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. त्यांचे कोरे नमुने परिशिष्टातून छापून घ्या आणि एकेका ओळीसमोर मराठीत अर्थ लिहा. हे काम मी या सगळ्या अभ्यासातलं सर्वांत महत्त्वाचं मानते.

आमच्या बाळाच्या अहवालात 'अपुऱ्या दिवसांचा जन्म' आणि 'जन्मवजन कमी' असं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वाढ बघताना जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वयातून वजा करायचे असतात. ते केल्यावर मान धरणं, कुशीवर वळणं सारं वेळेतच होतं असं दिसलं. वजन-उंचीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते वापरा. अंगणवाडीतल्या माता व बाल संरक्षण कार्डावरही वाढीचा आलेख असतो, तो शेजारच्या कुणाचा तरी मागून वाचायला शिका. रक्ततपासण्यांत एचआयव्ही, कावीळ ब यांचे निकाल असतात. दीड वर्षाच्या आतल्या बाळात एचआयव्हीची प्रतिपिंडं आईकडून आलेली असू शकतात, त्यामुळे साध्या चाचणीवरून बाळाला संसर्ग आहे असं ठरत नाही. त्यासाठी विषाणूच थेट शोधणारी पीसीआर चाचणी लागते. असे शब्द आधी भेटलेले असले की धसका बसत नाही.

इंटरनेटवर आजाराचं नाव टाकून वाचत सुटलात तर मन काळवंडतं. त्यापेक्षा एक बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवा. त्यांना सांगून ठेवा, की कधीतरी अचानक एक अहवाल घेऊन येऊ, तेव्हा तासभर द्या. ४८ तासांत मूल राखून ठेवल्यावर पुढे भेटून निर्णय पक्का करायला ३० दिवस असतात. त्यात संस्थेत जाऊन बाळाला पाहता येतं आणि तुमच्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घेता येते.

मनाच्या बाजूचं वाचन यापेक्षा हळू करा. संस्थेतून आलेलं मूल सुरुवातीला कोणाकडेही हसत जातं किंवा कोणालाच जवळ येऊ देत नाही, जेवण लपवून ठेवतं, रात्री दचकून उठतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेला मायेच्या बंधाचा सिद्धांत सोप्या भाषेत वाचला तर या वागण्यात हट्ट दिसत नाही, भीती दिसते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'संवाद' उपक्रमाने मुलांच्या मानसिक आरोग्यावर तयार केलेलं साहित्य विनामूल्य मिळतं. 'मुलाला कधी सांगायचं?' या आमच्या प्रश्नाचं उत्तर जिथे जिथे वाचलं तिथे एकच होतं: पहिल्या दिवसापासून, बाळाला कळायला लागायच्या आधीपासून, गोष्टीतून. आम्ही ती गोष्ट वहीच्या शेवटच्या पानांवर लिहिली आणि मूल येण्याआधी एकमेकांना वाचून दाखवली. पहिल्या वेळी नवऱ्याचा आवाज फुटेना.

माणसांना विचारा, वाचून झाल्यावर

जिल्हा बाल संरक्षण कक्ष प्रत्येक जिल्ह्यात असतो. नोंदणी केली नसली तरी जाऊन विचारता येतं. वही सोबत न्या आणि ज्या पानावर दोन ठिकाणची उत्तरं जुळत नाहीत तेवढेच प्रश्न विचारा. उत्तर देणाऱ्याला कोणत्या नियमाच्या आधारे सांगता, असं नम्रपणे विचारलं तर सहसा वाईट वाटत नाही.

दत्तक पालकांचे गट बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, संस्थाही पालक मेळावे भरवतात. तिथे दहा वर्षांपूर्वी मूल आलेल्या पालकांशी बोला. गेल्या वर्षी आलेले अजून हरखलेले असतात. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला तेव्हा काय केलं, आजीने पहिल्यांदा कधी कुशीत घेतलं, असं विचारा. शक्य झालं तर दत्तक आलेल्या, आता मोठ्या झालेल्या व्यक्तींचं ऐका. त्यांच्या बोलण्यात पालकांनी न सांगितलेलं बरंच असतं आणि ते थोडं दुखतंही.

समाजमाध्यमांवरच्या गटांत मात्र एक पथ्य पाळा. पोर्टलवर दिसलेल्या मुलाचा फोटो, नाव, अहवाल कुठेही टाकू नका, 'याचा अर्थ काय' असं विचारण्यासाठीसुद्धा नाही. मुलाची ओळख उघड करण्यावर कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या देशातल्या अधिकृत दत्तक संस्थेमार्फत किंवा तिथल्या केंद्रीय प्राधिकरणामार्फत अर्ज करायचा असतो. दोन्ही नसतील तर भारतीय दूतावासाकडे जावं लागतं. भारताने २००३ मध्ये देशादेशांमधल्या दत्तकाबद्दलच्या हेग कराराला मान्यता दिली आहे. गावाकडच्या नात्यातलं मूल १९५६ च्या कायद्याने घेऊन थेट व्हिसाला गेलात तर तिथे अडकायला होतं. काराचं ना-हरकत पत्र लागतं, त्यासाठीची तरतूद २०२१ मध्ये आली. आधी आपल्या देशाचे इमिग्रेशनचे नियम वाचा, मग तिकीट काढा.

फाइल

मूल आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल होतो. त्यासाठी वहीशेजारी एक फाइल ठेवा: बाल कल्याण समितीचा आदेश, दोन्ही अहवाल, दत्तकाचा आदेश, नवा जन्मदाखला, संस्थेने दिलेले फोटो, आणलेलं झबलं असेल तर तेही एका पिशवीत. अठरा वर्षांनंतर मुलाला आपल्या मुळांचा शोध घ्यायचा असेल तर नियमांनुसार तो स्वतः अर्ज करू शकतो, दुसऱ्या कोणाला करता येत नाही. त्या दिवशी ही फाइल त्याच्या हातात द्यायची आहे. कागद लॅमिनेट करू नका. साध्या कापडी फाइलमध्ये, वाळवीपासून दूर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. आणि संस्थेत ज्या ताईंनी बाळाला सांभाळलं, त्यांनी सांगितलेलं घरी पोहोचल्याबरोबर तारखेसह लिहून ठेवा: काय खायचं, कोणत्या गाण्याने झोपायचं, त्याला काय म्हणून हाक मारायच्या. ते कुठल्याच ग्रंथालयात मिळत नाही.